जखम दाखव, म्हणाले

मसाजी, काल तुझी राख सावडली. आज पिंगळीला परत येऊन दुकान उघडलं, मशीनवर बसलो, पण एक टाका धड पडेना. गिऱ्हाईक आलं की त्याच्यावरच डाफरायला लागलो. शेवटी फळ्या लावून घेतल्या आणि हे लिहायला बसलो. तू असतास तर म्हणाला असतास, "नऱ्या, लिवायलास काय? मला वाचता येतं व्हय?" येत नाही, ठाऊक आहे. पण जिवंतपणी माझं एक वाक्य तू पुरं होऊ दिलं नाहीस. आता निदान मधे बोलणार नाहीस.

आधी तुझ्या मयतीचं सांगतो, कारण ती तू पाहिली असतीस तर हसून हसून लोळला असतास. तालुक्याचे एक पुढारी जीपमधून आले होते. पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात उपरणं. तू त्यांना कधी पाहिलं नव्हतंस आणि त्यांनी तुला. सरणापाशी उभं राहून ते म्हणाले, "मसाजी हे आपल्या मातीचे शूर जवान होते. देश त्यांचा ऋणी आहे." कोणता देश, ते त्यांनी सांगितलं नाही. तू निजामाच्या पलटणीतून गेलास, इंग्रजांसाठी लढलास आणि नव्या सरकारच्या राज्यात मेलास. ह्यातलं ऋणी कोण? बोलता बोलता त्यांना माझा लाकडी पाय दिसला. लगेच माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हे पाहा, आपल्या भागातले वीर." मी विचारलं, "साहेब, ह्यो मेला कशानं, ते ठावं हाय का तुमाला?"

"ईश्वरेच्छा," ते म्हणाले, आणि जीपकडे वळले.

ईश्वराचं नाव घेतलं की सगळ्या कचेऱ्या, सगळे दवाखाने एका झटक्यात मोकळे होतात. मी मोकळं करणार नाही. माझ्यात तेवढा मोठेपणा नाही.

तुला आठवतं, पलटणीत पहिल्याच दिवशी तू बूट काढून हातात घेऊन कवायतीला उभा राहिला होतास? सुभेदार लालबुंद झाला. "ऐ धनगर, जूते पहन!" तू आपल्या थंडपणे म्हणालास, "साब, जूते से जमीन समजती नै." सगळी रांग हसली आणि सगळ्या रांगेला शिक्षा झाली. त्या रागात मी तुझ्याशी बोलायचंच नाही असं ठरवलं होतं. झरीच्या कुणब्याच्या पोरानं झरीच्याच धनगराच्या पोराशी परक्या मुलखात अबोला धरायचा! तो संध्याकाळपर्यंत टिकला. संध्याकाळी तू विचारलंस, "नऱ्या, आत्ता आपल्या रानात मेंढरं कुटं बसली असतील रं?" मग दोघं गाव काढून बसलो. तंबूत तुला झोप यायची नाही. घोंगडी घेऊन तू बाहेर उघड्यावर पडायचास, आणि पहारेकरी तुला ठेचकाळून शिव्या घालायचे.

ब्रह्मदेशातल्या त्या डोंगरावर तोफेचा गोळा पडला, तेव्हा माझा डावा पाय घोट्यापासून लोंबायला लागला होता. तू मला उचललंस. पाठुंगळी घेतलं नाहीस, खांद्यावर टाकलं नाहीस. पाय मोडलेलं मेंढरू उचलतात तसं मानेवर आडवं घेतलंस आणि माझे हातपाय पुढून मुठीत गच्च धरलेस. मी मधून मधून शुद्धीवर यायचो, ओरडायचो. तू खालून दमात घ्यायचास, "हालू नगंस! मेंढरू बरं तुज्यापरीस, गप तरी ऱ्हातंय." उतारभर तू मला असं नेलंस. माझं रक्त तुझ्या मानेवरून, पाठीवरून, चड्डीवरून पार टाचेपर्यंत गेलं होतं.

आणि त्याच रक्तानं तुझा घात केला. खाली पट्ट्या बांधणाऱ्यांनी मला घेतलं. तुझ्याकडे बघून म्हणाले, ह्याला काही नाही, हे सगळं त्याचंच रक्त. दुसऱ्या दिवशी तुला कळलं की कंबरेच्या मागे, उजव्या अंगाला, तुझंही कातडं फाटलंय. कोणीतरी औषधाचा बोळा फिरवला, पट्टी चिकटवली, किरकोळ आहे म्हणाला. मोठ्या डॉक्टरपर्यंत तू पोचलाच नाहीस. तू पलटणीत परत गेलास आणि मला बोटीनं मागच्या दवाखान्यात पाठवलं. माझी जखम सरकारच्या नजरेत भरली. तुझी माझ्या रक्ताखाली झाकून गेली.

लढाई संपून आपण घरी आलो. मी लाकडी पाय घेऊन, तू रिकाम्या हातानं. तू मेंढरांमागे लागलास, वच्छलावहिनीशी लग्न केलंस. मी दवाखान्यातच शिवणकाम शिकलो होतो, पिंगळी स्टेशनाजवळ दुकान टाकलं. मग रझाकारांचे दिवस आले. ज्यांना तू कधी सलाम केला नव्हतास, त्यांच्यामुळे गावानं तुला विहिरीवर टोमणे मारले, "आला बगा निजामाचा शिपाई." तू हसून सोडून द्यायचास, घरी येऊन डोकं आपटायचो ते मी. पुढे निजामाचं राज्य गेलं, फौज मोडली, तिचे दवाखाने, कचेऱ्या सगळं नव्या हातांत गेलं. खरं ते सांगायला हवं, माझ्या पायाची सोय नव्या सरकारनंही चालू ठेवली. पट्टा तुटला की मी गाडीत बसायचो, शहरातल्या फौजी दवाखान्यात जायचो, नवा पट्टा घालून परत यायचो. तिथे मला खुर्ची मिळायची. चहाही मिळायचा.

तुला मिळायचा तो तुझ्या मायचा, गिरजामायचा, तापलेला विळा.

ह्या गोष्टीवर आपण किती भांडलो, मसाजी! तुमच्यात दुखण्याला पहिला इलाज डागाचा. मेंढराचा सांधा धरला, डाग. लेकराच्या पोटात दुखलं, डाग. म्हाताऱ्याची कंबर गेली, डाग. आणि तुझी माय त्यात वस्ताद. लांब लांबून लोक तिच्याकडे मेंढरं घेऊन यायचे, लेकरं घेऊन यायचे. "गिरजामायचा हात बरा हाय," म्हणायचे. तुझी कंबर पहिल्यांदा धरली तेव्हा तिनं तुला कुशीवर निजवलं, बोटानं दाबत दाबत गेली. तू "हं" केलंस तिथे चिमूटभर राख लावून खूण केली आणि चुलीतल्या विळ्याचं लाल टोक त्या खुणेवर टेकवलं. वर तेल-हळद. नव्या आगीपुढे जुनी कळ दबून गेली. तू उठलास आणि चार-पाच महिने मेंढरांमागे हुंदडलास. पुन्हा दुखलं, पुन्हा माय, पुन्हा विळा. तिची चूक काय? तिला तेवढंच येत होतं आणि ते ती मन लावून करत होती. दर वेळी दुखायचं एकाच जागी, म्हणून डागही एकाच जागी. डागावर डाग, त्यावर डाग.

मी म्हणायचो, "अरे, आत काहीतरी ऱ्हायलंय. गोळ्याचा तुकडा असंल. माझ्यासंगं दवाखान्यात चल."

"मेंढरं कोन बगंल?"

"वहिनी बगतील."

"मायच्या हातानं बरं वाटायलंय की."

"बरं वाटायलंय आणि बरं व्हायलंय, ह्यात फरक हाय, गाढवा!"

तू हसायचास आणि रानाकडे बघायचास. ह्या बाबतीत तुझ्यासारखा चिवट माणूस मी पाहिला नाही. रागानं मी पिंगळीला परत जायचो आणि पुढच्या बाजाराला पुन्हा यायचो.

गेल्या साली थंडीत मात्र तुझी चाल मोडली. उजवा पाय ओढायला लागलास. संध्याकाळी अंग तापायचं, कंबरेला गाठ आली. पंचक्रोशीत ज्याच्या बरोबरीनं कोणी चालू शकत नव्हतं, तो तू बाभळीखाली बसून वहिनी मेंढरं घेऊन लांब जाताना बघत राहायचास. त्या दिवशी तू स्वतःहून म्हणालास, "नऱ्या, चल. कुटं चलायचं तितं चल."

मला वाटलं, आता सगळं सोपं आहे. तू तयार झालास, एवढंच अडलं होतं. मी मूर्ख होतो.

जवळच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या माणसानं तुला वरून खाली पाहिलं आणि फौजेतला आहेस म्हटल्यावर त्याला हायसं वाटलं. "मग फौजेच्या दवाखान्यात जा ना. इथं आमचीच माणसं मावेनात." आपली फौज हैद्राबादची, म्हणून मग हैद्राबादेला गेलो. गाडीत बसायला जागा मिळाली नाही, तू दांडी धरून एका पायावर उभा. तिथे एका कचेरीत एक शेरवानीवाले म्हातारे गृहस्थ भेटले. माणूस वाईट नव्हता. पानाचा तोबरा सांभाळत म्हणाले, "मियाँ, तुम तो अब बंबई वाले हो गए. हमारा क्या वास्ता?"

तू गोंधळलास. "साब, मी कुटं ग्येलो? मी झरीतच हाय. सरकार हाललंय."

त्यांना मराठी कळलं असावं, कारण ते हसले. हसले आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. राज्यांची नवी वाटणी झाली, मसाजी, तेव्हा आपल्याकडे पेढे वाटले होते. मराठी माणूस मराठी मुलखात आला म्हणून मीही दुकानावर तोरण लावलं होतं. आजारी माणूस कोणाच्या वाट्याला आला, ते वाटणी करताना कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

राहिला माझा फौजी दवाखाना. तिथले लोक मला ओळखत होते, म्हणून मी छाती काढून तुला घेऊन गेलो. डॉक्टर नवे होते. तरुण, आपल्यासारखेच मराठी बोलणारे. मला बघून अर्धवट उठले, "बसा, बसा," म्हणाले. तू उभा. तुझ्यासाठी खुर्ची मागायला हवी हेही मला सुचलं नाही, एवढा मी खूश होतो.

"कुठं लागलं होतं?" त्यांनी तुला विचारलं.

तू पाठमोरा झालास आणि धोतर सैल केलंस. डॉक्टर वाकून बघायला लागले, आणि त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"हे काय आहे?"

"डाग हायेत, साहेब."

"कुणी दिले?"

तू धोतराची गाठ चाचपायला लागलास.

"मी विचारतोय, कुणी भाजलं हे?"

"घरी दिलेत."

"आणि गोळ्याची जखम? ती दाखव."

"ह्येच्याच खाली हाय, साहेब."

"खाली म्हणजे कुठं? मला तर सगळं भाजलेलंच दिसतंय. तिथं भाजून भाजून गाठ पिकवलीत, आणि आता ती लष्कराच्या नावावर घालताय!"

मी मधे पडलो. म्हटलं, "साहेब, आतला फोटो काढा. तुकडा दिसंल."

"इथं फोटो फौजेच्या जखमेचा निघतो. ही फौजेची जखम आहे, असं आधी ठरायला हवं."

"फोटो काडल्याबिगर ठरंल कसं?"

"म्हणून तर म्हणतोय, जखम दाखव."

"मी बगितलंय, साहेब. मला ह्यानंच उचलून आणलंय."

"तुम्ही मित्र आहात. मित्राचा शब्द चालत नाही. तुमच्या अफसराचा लागेल."

"अफसर तितंच पडला, त्या डोंगरावर. तेला कुटून आनू?"

माझा तोल गेला, तुला माहीतच आहे. मी पट्टे सोडले, लाकडी पाय काढला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. "ह्येला इचारा मंग. माजा पाय जितं तुटला तितून मला कुनी आनलं, ते ह्येला ठावं हाय."

डॉक्टर रागावले नाहीत. त्याचंच मला जास्त वाईट वाटतं. ते शांतपणे म्हणाले, "पाय बांधून घ्या. तुमच्याबद्दल आम्हाला आदर आहे. ह्यांचं बघू, वर विचारतो. बोलावू."

आदर! माझ्या लाकडाला आदर आणि तुझ्या जित्या हाडामांसाला "बोलावू". माझा पाय नाही, हे कोणालाही दिसतं, म्हणून मी खरा. तुझ्या अंगात एक जास्तीची वस्तू होती, ती दिसत नाही, म्हणून तू खोटा. सरकारला कमी झालेलं कळतं, जास्त झालेलं कळत नाही. आणि त्या डॉक्टरला तरी किती शिव्या द्यायच्या? त्यानं जे पाहिलं तेच तो बोलला. पण त्याच्या दोन खोल्या पलीकडे ते फोटोचं यंत्र होतं, मसाजी. आपण जाताना त्या दारावरून गेलो. दार उघडं होतं, आत कोणी नव्हतं, आणि यंत्रावर कापड झाकलेलं होतं.

बाहेर लिंबाखाली बसलो तेव्हा मी रागानं लाकडी पाय आपटत होतो आणि तू चक्क हसत होतास. "नऱ्या, तुवा पाय बरा. काढून टेबलावर ठिवता येतो. मी मवी कंबर कशी काढून ठिवू?" मीही हसलो. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि मी तुला आईवरून शिवी दिली.

परतीच्या गाडीत तू खिडकीशी बसला होतास. बाहेरची रानं बघत होतास. मग म्हणालास, "येक सांगतो. ऐकशील?"

"बोल."

"मायला सांगू नगंस."

"काय?"

"डागापायी झालं म्हून. तिच्या डागानं जखम बुजली, म्हून डाक्टरानं हाकललं, हे तिच्या कानावर ग्येलं तर ती अन्नाला शिवायची न्हाई."

"मंग काय सांगू?"

"सांग, यंतर बिगडलंय. सुदरलं की बोलावतेत." आणि माझा हात घेऊन तू आपल्या गळ्यावर ठेवलास. "घे मवी शपत."

मी घेतली. तेव्हा मला ती शपथ हलकी वाटली होती.

घरी पोचलो तर माय वाटच बघत होती. मी ठरल्याप्रमाणे बोललो. तिला पटेना. "यंतर बिगडलंय? येवड्या मोठ्या सरकारचं?"

"हौ, माय. बोलावतो म्हनले."

तिनं चुलीत फुंकर घातली. मग म्हणाली, "बोलावूंदे. तवर मी हाय की," आणि विळा चुलीत सारला.

मसाजी, ती संध्याकाळ मी विसरणार नाही. मी म्हणालो, "माय, आता नगं." तिनं चमकून वर पाहिलं, "कामून रं?" आणि तू माझ्याकडे असं काही बघितलंस की मी चुलीपासून मागे सरलो. मग तू मुकाट्यानं कुशीवर झालास, धोतर सैल केलंस आणि म्हणालास, "दे, माय. तुज्या हातानं बरं वाटतंय." ती बोटानं चाचपायला लागली. तू "हं" म्हणालास. मी उठून बाहेर गेलो आणि मेंढरांत जाऊन उभा राहिलो. कातडं जळाल्याचा वास तिथेही आला.

ह्याच्यासाठी मी तुला माफ केलेलं नाही. ऐकतोयस ना? त्या दिवशी तू एक वाक्य बोलला असतास, तर निदान ते डाग थांबले असते. म्हातारी चार दिवस रडली असती, उपाशी राहिली असती, पण तू तिच्यापुढे जिवंत असतास. ते एक वाक्य बोलायचं होतंस, असं मी तुला नंतर म्हणालोही. तू म्हणालास, "डाग थांबून काय व्हनार व्हतं, नऱ्या? आत हाय ते आतच ऱ्हानार व्हतं. तिला तेवडं तरी करू दे." मी म्हणालो, "हा शहाणपणा न्हाई, हा भेकडपणा हाय." तू तोंड फिरवलंस. भांडण तिथेच राहिलं, आणि आता मी एकटाच दोन्ही बाजूंनी भांडत बसलोय. कधी तू जिंकतोस, कधी मी.

मधे मी एकटा पुन्हा दवाखान्यात गेलो. माझ्या पायाचा पट्टा झिजला होता. तो त्यांनी लगेच बदलला, पायाला तेलपाणी करून दिलं, चहा दिला. तुझं विचारलं. "वरून उत्तर यायचंय." पुन्हा गेलो, पट्टा चांगला असताना मुद्दाम तोडून गेलो. पट्टा मिळाला. उत्तर आलं नव्हतं. माझ्या लाकडाचं दुखणं ह्या सरकारला सहन होत नाही, एवढं मात्र मी छातीवर हात ठेवून सांगीन.

तुला कुशीवर निजता येईना तेव्हा मी एक गोल गादी शिवून आणली होती, मधे खळगा ठेवलेली, गाठीला दाब लागू नये म्हणून. तू ती बघून म्हणालास, "ह्ये तर जात्याभवतीचं पिठाचं आळं झालं." पण वापरलीस. वहिनी सांगत होत्या, शेवटच्या दिवसांत तू त्या गादीवरून हललाच नाहीस. गाठ फुटली, ताप डोक्यात गेला, आणि एका सकाळी तू मेंढरांना हाका घालत घालत थांबलास. रानात बसवलेली मेंढरं उठून उभी राहिली होती म्हणे. ती तुझ्या हाकेला उभी राहिली होती, आणि तू निघून गेलास.

तुला एक सांगायचं राहिलं. त्या डोंगरावरून तू मला खाली आणलंस, त्यानंतर एवढी वर्षं गेली, पण मी तुला एकदाही बरा शब्द बोललो नाही. आपल्यात कोण कोणाचे आभार मानतो? मानले असते तर तू म्हणाला असतास, डोकं फिरलं का तुझं. पण मशीनवर बसलो की कधी कधी पोटाला तुझ्या खांद्याचं हाड टोचल्यासारखं होतं. मी शिवलेला प्रत्येक सदरा, माझी दोन्ही लेकरं, ही भांडायची ताकद, सगळं तुझ्या मानेवरून खाली उतरलंय. हे तुला कळलं होतं असं मी धरून चालतो. नसेल कळलं तर आता कळू दे.

आता कालचं सांगतो, मग थांबतो.

सावडायला आम्ही मोजकीच माणसं होतो. पुढारी नव्हते. वहिनींनी राखेवर पाणी शिंपडलं. गिरजामाय खाली बसली आणि हातानं राख चाळत अस्थी गाडग्यात टाकायला लागली. कोणी म्हणालं, "माय, तू राहू दे." तिनं लक्ष दिलं नाही. चाळता चाळता तिचा हात थांबला. काहीतरी उचललं, लुगड्याच्या पदराला पुसलं, डोळ्यांजवळ नेलं आणि माझ्यापुढे केलं.

"नऱ्या, ह्ये हाड न्हाई. काय हाय रं?"

हरभऱ्याएवढा काळा तुकडा होता. एका कडेला धार, दुसरीकडे वळलेला. मी तो तळहातावर घेतला. अजून कोमट होता.

"गोळ्याचा तुकडा हाय, माय."

वहिनींनी तोंडावर पदर घेतला.

"म्हंजी आत व्हता."

"व्हता."

"मंग डाक्टराला दिसला कसा न्हाई?"

मसाजी, शपथेचं ओझं काय असतं ते मला तेव्हा कळलं. मी म्हणालो, "यंतर बिगडलं व्हतं, माय."

तिनं माझ्या तळहातावरचा तुकडा बोटानं उलटापालटा केला. मग राखेत जिथून तो मिळाला होता, त्या जागेवर तिनं बोट टेकवलं. तुझी कंबर जिथे असायला हवी, तीच जागा होती. तिचा चेहरा किंचित सैल झाला. माझ्याकडे बघून म्हणाली, "बग, नऱ्या. म्या तितंच डागत व्हते. जागा चुकले न्हाई म्या."

"न्हाई, माय," मी म्हणालो. "चुकली न्हाईस तू."

तिनं मान हलवली. तेवढ्यावर ती आता राहिलेले दिवस काढील, असं मला वाटतं.

मला तो तुकडा हवा होता. माझी मूठ मिटलेलीच होती. तो घेऊन मी आजच गाडीत बसणार होतो. त्या टेबलावर, जिथे माझा पाय ठेवला होता तिथेच, तो ठेवणार होतो. साहेब, जखम दाखव म्हणाला होतात ना? ही घ्या. मग ते "वर" की काय आहे तिथपर्यंत तो तुकडा फिरू दे, तुझ्यासारखाच आणखी कोणी त्या दारात उभा असेल, त्याच्यासाठी तरी ते यंत्रावरचं कापड निघू दे.

पण मायनं हात पुढे केला. "आन इकडं. तेच्या अंगाचा हाय. तेच्यासंगं जाऊ दे."

नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. कुठे नेतोस, कोणाला दाखवतोस, आता दाखवून काय. एक बोललो असतो की दुसरं निघालं असतं, आणि शेवटी ते विळ्यापाशी जाऊन थांबलं असतं. मी मूठ उघडली. तिनं तुकडा गाडग्यात टाकला. आत टण्ण वाजलं. गाडगं माझ्याच हातात दिलं, कारण तू मला तुझ्या मानेवरून आणलं होतंस, असं ती सगळ्यांना सांगत होती.

मी लाकडी पाय सांभाळत नदीच्या पाण्यात उतरलो आणि गाडगं सोडलं. तुझी शपथ पाळली, मसाजी. आता त्या दवाखान्यात कोणी पुन्हा म्हणालं, जखम दाखव, तर दाखवायला माझ्याकडे काही नाही.